वन्सं सिंगापूरला गेल्या. आता संध्याकाळी मी काय करू?

पत्र :

स. न. वि. वि. माझे वय ६२ असून मी ठाण्याला नौपाड्यात राहते. टपाल खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. नोकरीची तेहतीस वर्षे ठाणे ते सीएसएमटी असा लोकलचा प्रवास केला. यजमान २०१९ साली गेले. या मार्चमध्ये मी आणि माझ्या नणंदबाई व्हिएतनामला आलो. त्या ६७ वर्षांच्या असून शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. हनोई, निन्ह बिन्ह आणि हा लाँगचा उपसागर आम्ही मिळून पाहिला. ठरल्याप्रमाणे वन्सं हनोईहून सिंगापूरला लेकाकडे गेल्या आणि मी रात्रीच्या गाडीने एकटी ह्वे शहरात आले. अजून सोळा दिवस उरले आहेत. पुढे होई आन, मग हो ची मिन्ह सिटी आणि तिथून परतीचे विमान आहे.

खरे सांगायचे तर वन्सं कधी जातात याची मी मनातल्या मनात वाट पाहत होते. त्यांना पहाटे सहाला बाहेर पडायचे असते, प्रत्येक देवळातली प्रत्येक पाटी वाचायची असते आणि चहा किती वाजता प्यायचा हेही त्याच ठरवतात. रात्री मात्र अंथरुणावर पडल्या की ह्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगत. आता त्या गेल्या आणि गेले तीन दिवस मी संध्याकाळी पाचनंतर खोलीबाहेर पडलेले नाही. घरून आणलेले खाकरे आणि गरम पाणी घालून होणारे पोहे खाते. मुलाला दिवसातून चार-पाच वेळा फोन करते. तो म्हणतो, ‘आई, ये परत, तिकीट बदलून देतो.’ शुक्रवारचे दा नांगच्या गाडीचे तिकीट काढलेले आहे. जाताना वन्सं म्हणाल्या होत्या, ‘होई आनजवळ मी सोन नावाचे ठिकाण आहे, तिथल्या शंकराला माझाही नमस्कार सांग.’ पुढे जावे की परत यावे? आणि ज्यांच्या जाण्याची वाट पाहिली त्यांच्याचसाठी आता रडू येते, याची लाज वाटते ती निराळीच.

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र रविवारी रात्री ईमेलने आले. या सदराच्या नेहमीच्या रांगेत ते ठेवले असते, तर उत्तर येईपर्यंत तुम्ही नौपाड्यात परतून घरातली जळमटे काढत असता. म्हणून हे उत्तर आधी तुम्हाला धाडले आणि तुमच्या परवानगीने, नाव गाळून, आता येथे देत आहे.

आधी निर्णयाचे बोलते. तिकीट आज बदलू नका. शुक्रवारच्या गाडीने दा नांगला उतरून होई आनला जा, तेथे दोन रात्री काढा आणि त्यानंतरही परतावेसे वाटले तर खुशाल परता. दा नांगला मोठा विमानतळ आहे, तुम्ही कोठे अडकून पडणार नाही. ही मुदत मी अशासाठी घालते की संध्याकाळी सात वाजता बंद खोलीत, खाकऱ्याचा तुकडा हातात धरून घेतलेला निर्णय मी सहसा ग्राह्य धरत नाही, माझा स्वतःचासुद्धा. ताप आला, दोन रात्री सलग झोप लागली नाही किंवा रोजच्या गोळ्या सोळा दिवस पुरणार नाहीत असे दिसले, तर मात्र ही मुदत मोडीत काढा आणि मुलाचे ऐका. गोळ्या आत्ताच मोजा. दोघींच्या प्रवासात औषधांची पिशवी एकच असते आणि ती नेमकी दुसरीच्या सामानातून निघून जाते, हे मी एकदा नव्हे तर दोनदा पाहिले आहे.

तुमच्या पत्रातले लोकलचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तेहतीस वर्षे एकटीने प्रवास करणारी बाई परदेशात तीन दिवस खोलीत बसून राहते याचा तुम्हालाच अचंबा वाटतो आहे, हे त्या वाक्यात उघड दिसते. मला मात्र त्यात विसंगती दिसत नाही. लोकलच्या प्रवासात तुम्ही एकट्या असलात तरी ठरवायचे असे काही नव्हते: गाडी ठरलेली, डबा ठरलेला, चढायची जागा ठरलेली आणि दुपारचा डबा घरून आणलेला. त्या तेहतीस वर्षांत तुम्ही ठाण्यातल्या एखाद्या हॉटेलात एकटीने बसून रात्रीचे जेवण किती वेळा जेवलात? माझा अंदाज आहे की एकदाही नाही. आपल्या पिढीतल्या बहुतेक बायका जेवल्या नाहीत. म्हणजे जे तुम्हाला परदेशात जड जाते आहे, ते परदेशामुळे जड नाही. एकटीने जेवायला बसणे आणि आपल्याला काय हवे ते आपणच ठरवणे या दोन गोष्टी तुम्ही बासष्टाव्या वर्षी प्रथमच करत आहात आणि नेमक्या अशा शहरात, जेथे पदार्थांच्या यादीतला एक शब्दही वाचता येत नाही.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी श्रीलंकेत कँडी येथे अशीच एकटी पडले होते. मैत्रिणीच्या सुनेचे दिवस भरत आले म्हणून ती लवकर परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावाजवळच्या एका साध्या हॉटेलात शिरले आणि सवयीने दोन बोटे वर करून चहा सांगितला. दोन कप आले. वाढणाऱ्या मुलाने दुसरा कप समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे नीट ठेवला आणि साखरेची वाटीही त्या बाजूला सरकवली. तो परत ने, असे मला म्हणवेना. पहिला कप प्याले, दुसऱ्यावर साय धरेपर्यंत पाहत बसले आणि मग तोही प्याले. माझा हात अजून दोघींचाच हिशेब करत होता. तो एकीच्या हिशेबावर यायला चार-पाच दिवस लागले. तुमचे तर अजून तीनच झाले आहेत.

आता हॉटेलच्या खोलीतला एखादा कोरा कागद घ्या आणि या प्रवासात वन्सं कोणकोणती कामे करत होत्या ते लिहून काढा. दोन माणसे बरोबर हिंडू लागली की कामे न बोलता वाटली जातात. बहुधा वाट विचारणे, वेळ ठरवणे आणि घासाघीस त्यांच्याकडे होती, तर पैसे, पासपोर्ट आणि खाण्याचे डबे तुमच्याकडे असावेत. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या वाट्याची कामे निराधार झाली आणि तुम्ही त्यांनाच एकटेपणा म्हणत आहात, असा मला दाट संशय आहे. कागदावर लिहिल्यावर दिसेल की त्यांतली निम्मी करण्याची गरजच नाही (पहाटे सहाला उठवणे त्यांत पहिले), काही कामे हॉटेलच्या स्वागतकक्षातली मुले आनंदाने करतात आणि खरोखर शिकावी लागतील अशी तीन-चारच उरतात.

त्यांतले पहिले म्हणजे रस्ता ओलांडणे. हनोईत वन्सं तुमचे मनगट धरून नेत असतील, असे माझ्या डोळ्यांपुढे येते, कारण तेथे प्रत्येक जोडीतली एक हेच करते. गोखले रोडवर आपण हात वर करतो, थोडे धावतो, मध्येच थबकतो आणि रिक्षावाल्याच्या डोळ्यांत पाहून त्याला थांबवतो. व्हिएतनामात यातले काहीही करू नये. दुचाक्यांच्या त्या लोंढ्यात एका संथ आणि सारख्या चालीने उतरायचे असते. धावायचे नाही, थांबायचे नाही आणि मागे तर मुळीच फिरायचे नाही. तुम्ही पुढच्या क्षणी कोठे असाल याचा अंदाज बांधून चालक तुमच्या भोवतीने वळतात आणि तुम्ही चाल बदलली की तो अंदाज चुकतो. मोटारी आणि बस मात्र अशा वळत नाहीत, त्या जाऊ द्याव्यात. पहिले एक-दोन दिवस एखाद्या स्थानिक बाईच्या शेजारून, तिच्याच चालीने ओलांडा.

दुसरे काम पैशांचे. ते तुमच्याकडेच असले तरी नोट पुढे करताना दुसरी नजर आता नाही. तेथील वीस हजार डाँगची आणि पाच लाख डाँगची नोट या दोन्ही निळसर आहेत, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचेच चित्र आहे आणि संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात चष्मा असूनही फसगत होते. नोट उलटी करून पाहा: होई आनचा छपराचा पूल दिसला तर वीस हजार, हो ची मिन्ह यांच्या गावचे घर दिसले तर पाच लाख. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवल्या की हा प्रश्नच मिटतो.

तिसरे काम फोनचे. पुढच्या गाडीचे तिकीट आणि हॉटेलांचे आरक्षण वन्संच्या ईमेलवर असेल, तर ते आजच स्वतःकडे मागवून घ्या आणि कागदावरही छापून घ्या. ई-व्हिसाच्या कागदावरची शेवटची तारीख एकदा डोळ्यांखालून घाला. २०२३ च्या ऑगस्टपासून तो देश ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतो, पण तुमच्या कागदावर जी तारीख छापली आहे तीच खरी. ठाण्याचे सिमकार्ड रोमिंगवर चालू राहू द्या, नाही तर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि कार्ड हातात असून पैसे अडतील. फिरण्यासाठी ग्रॅबच्या अॅपवरून मोटार बोलवा. भाडे आधीच दिसते, त्यामुळे वन्संची घासाघीस लागत नाही. त्याच अॅपवर दुचाकीही मिळते, पण आपल्या वयाच्या बाईने परक्या रहदारीत मागे बसून जावे असे मला वाटत नाही, याला तुम्ही जुनाटपणा म्हणालात तरी चालेल. पोलिसांचा क्रमांक ११३ आणि रुग्णवाहिकेचा ११५ आहे. आपला दूतावास हनोईत आणि वाणिज्य दूतावास हो ची मिन्ह सिटीत आहे. त्यांचे पत्ते कागदावर लिहा आणि विसरून जा.

आता संध्याकाळ. या प्रश्नाचा एक भाग निव्वळ घड्याळाचा आहे. व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तुमच्याकडे सात वाजून अंधार पडतो आणि जीव कासावीस होतो, तेव्हा ठाण्यात साडेपाच झालेले असतात. मुलगा कचेरीत असतो, फोन घाईने घेतो, आवाज दबका ठेवतो आणि त्या दबक्या आवाजाने तुम्हाला आणखीच वाईट वाटते. तो घरी येऊन, जेवून, नऊ वाजता निवांत होतो तेव्हा तुमच्याकडे साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे तुम्हाला घर सर्वांत जास्त हवे असते त्याच वेळी घर सर्वांत कमी मोकळे असते. म्हणून चार-पाच फोन बंद करून एकच ठेवा, तुमच्या सकाळी साडेआठचा. ठाण्यात तेव्हा सात वाजलेले असतात आणि चहाचा कप हातात घेऊन तो बोलू शकतो. त्या फोनवर दिवसाचा बेत सांगायचा आणि रात्री खोलीवर पोहोचल्याचा दोन शब्दांचा संदेश टाकायचा. ‘येऊ का परत?’ हा प्रश्न त्याला पुन्हा विचारू नका. आईचा रडवेला आवाज ऐकून कोणता मुलगा ‘नको येऊस’ म्हणेल? त्याच्या उत्तराला सल्ला समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

बाहेर पडायचे ते अंधार पडल्यावर नव्हे, तर साडेचारला, उजेडात. उजेडात बाहेर असलेल्या माणसाला अंधार हळूहळू भेटतो, खोलीतून निघणाऱ्याला तो दाराशीच भेटतो. हुओंग नदीच्या काठाने संध्याकाळी गावातली माणसे फिरतात, बसतात, मुलांना खेळवतात. आपल्या तलावपाळीवर जे चालते तेच तेथे चालते, फक्त भेळ नाही. त्रुओंग तिएन पुलावरचे दिवे लागेपर्यंत बसा आणि मग जेवायला जा.

जेवणाच्या बाबतीत तुम्ही अजाणता व्हिएतनाममधल्या शाकाहाऱ्यांच्या सर्वांत सोयीच्या गावांपैकी एकात खाकरे खात बसला आहात, हे सांगताना मला हसू येते, रागावू नका. ह्वे हे बौद्ध मठांचे गाव आहे आणि तेथील शाकाहारी स्वयंपाकाला स्वतःची परंपरा आहे. पाटीवर सी-एच-ए-वाय ही चार रोमन अक्षरे शोधा. उच्चार जवळजवळ ‘चाय’ असा असला तरी त्याचा चहाशी संबंध नाही. त्या शब्दाचा अर्थ शाकाहारी. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तेथील पुष्कळ बौद्ध लोक सामिष टाळतात आणि अशा खाणावळी भरून वाहतात. आपल्याकडच्या एकादशी-चतुर्थीची आठवण येईल. साध्या खाणावळीत मात्र भाजी दिसते म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण नुओक माम नावाचा माशांचा आंबवलेला रस न दिसता पुष्कळ पदार्थांत असतो आणि गावाच्याच नावाने ओळखले जाणारे ‘बुन बो ह्वे’ हे शेवयांचे सूप गोमांसाचे असते. फुटपाथवरच्या त्या वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसू नका, गुडघे बोलतील. रस्त्याकडे तोंड करून खुर्चीवर बसा, एक पदार्थ मागवा आणि तो येईपर्यंत दिवसाचा खर्च वहीत लिहा. हाताला काम असले की समोरची खुर्ची तितकी रिकामी दिसत नाही.

एवढे सगळे करूनही रात्री नऊनंतरची एक वेळ उरेल आणि तिच्यावर ग्रॅब किंवा खाणावळ हा इलाज नाही. पत्रात तुम्ही एक वाक्य ओझरते लिहिले आहे, की वन्सं अंथरुणावर पडून ‘ह्यांच्या लहानपणच्या गोष्टी’ सांगत. माझ्या मते तुमचे रडू या वाक्यात आहे. तुमच्या यजमानांना शाळेच्या चड्डीत पाहिलेले माणूस आता जगात बहुधा तेवढे एकच उरले असेल आणि ते रोज रात्री तुमच्या शेजारच्या पलंगावर होते. दिवसा त्यांचा जाच वाटला आणि रात्री त्यांच्या तोंडून यजमान भेटत राहिले; दोन्ही एकाच बाईमुळे घडले. म्हणून त्यांच्या जाण्याची वाट पाहणे खोटे नव्हते आणि आताचे रडूही खोटे नाही. लाज वाटण्यासारखे त्यात मला काही सापडत नाही. पहाटे सहाला तयार होऊन, दाराशी चपला घालून तुमची वाट पाहणाऱ्या वन्संनीही दिवस मोजले नसतील असे समजू नका.

त्यांना एक विनंती करून पाहा. सिंगापूर तुमच्यापेक्षा एक तास पुढे आहे, तेव्हा रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी व्हॉट्सअॅपवर आपल्या भावाची एक गोष्ट बोलून पाठवावी. ‘जेवलीस का, पोहोचलीस का’ हे त्यात नको, फक्त गोष्ट. आयुष्यभर शाळेत बोललेल्या बाई आहेत, त्यांना विषय पुरवावा लागणार नाही. तुम्ही ती अंथरुणावर पडून ऐका आणि हे ध्वनिसंदेश जपून ठेवा. तुमच्या मुलाला आज त्यांची मातब्बरी वाटणार नाही, पुढे वाटेल.

त्यांनी सांगितलेल्या नमस्काराचे मात्र मनावर घ्या. मी सोन हे होई आनपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. चौथ्या शतकात चंपा राज्याच्या भद्रवर्मन राजाने तेथे भद्रेश्वर नावाने शिवलिंग स्थापले आणि पुढची काही शतके तेथे विटांची देवळे उभी राहत गेली. १९६९ च्या अमेरिकी बाँबफेकीत त्यांतली पुष्कळ कोसळली. १९९९ साली युनेस्कोने ते स्थान जागतिक वारशात घेतले. अलीकडे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे जीर्णोद्धाराचे काम केले आणि त्या कामात २०२० साली एक अखंड वालुकाश्माचे शिवलिंग मिळाले. तुम्ही अंबरनाथचे १०६० सालचे शिलाहारांचे देऊळ पाहिले असेलच. तेथे दगड जसा बोलतो तशी येथे वीट बोलते आणि दोन विटांच्या मधला सांधा शोधायला डोळे बारीक करावे लागतात. या एका दिवसासाठी होई आनहून निघणाऱ्या छोट्या गटाबरोबर जा. चार-पाच तास माणसांची सोबत मिळते, दुपारी ती संपते आणि चहा किती वाजता प्यायचा हे कोणी ठरवत नाही. निघावे मात्र लागेल पहाटेच, कारण दहानंतर तेथे ऊन चटके देते. वन्सं या एका बाबतीत बरोबर होत्या, तसे त्यांना कळवले तर त्यांना बरे वाटेल.

होई आन तुम्हाला ह्वेपेक्षा सोपे जाईल, कारण जुन्या गावात संध्याकाळी मोटारी-दुचाक्यांना मज्जाव असतो आणि कंदिलांच्या उजेडात एकटी बाई रमतगमत चालली तरी कोणी वळून पाहत नाही. हो ची मिन्ह सिटीत फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहू नका आणि पर्स भिंतीच्या बाजूच्या खांद्यावर ठेवा, कारण दुचाकीवरून हिसकावून नेण्याचे प्रकार तेथे होतात. त्या शहराचे बाकीचे तेथे गेल्यावर पाहता येईल.

राहता राहिली शुक्रवारची गाडी. अंतर जेमतेम शंभर किलोमीटरचे आहे, पण हाय वान घाटात गाडी समुद्राला लागून वळणे घेत जाते आणि वेळ अडीच-तीन तासांचा लागतो. ठाण्याच्या बाईला डब्यात चढताना कोणी ढकलत नाही आणि आपल्या नावाची जागा कोणी बळकावत नाही, याचीच थोडी चुकल्यासारखी भावना होईल. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. तुमची जागा कोणत्या बाजूला आहे ते आजच स्वागतकक्षातल्या मुलीला तिकीट दाखवून विचारा, उजवीकडे असेल तर बदलून मिळते का तेही पाहा आणि तेवढ्यासाठी खाली उतरलातच, तर घड्याळात साडेचार झाले आहेत का तेही बघून घ्या.